रात्री भाताचा गंज खरवडून खाणं पाप आहे का?

बाळ, तुझी चिठ्ठी परवा आशाताईच्या पिशवीतून माझ्यापर्यंत पोचली. वहीची दोन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली, आणि शेवटी लिहिलंस, 'सिस्टर, फादरला सांगायच्या आधी तुम्हाला विचारते.' बरं केलंस. पापाची क्षमा देणं फादरांचं काम. पण कशाला पाप म्हणायचं आणि कशाला नाही, हे समजावत मी या भागात चौतीस वर्षं फिरले आहे. सकाळी दवाखाना, संध्याकाळी धर्मशिक्षणाचा वर्ग. तुझाच प्रश्न तोंडाला पदर लावून विचारणाऱ्या बायका मला पुष्कळ भेटल्या, म्हणून घाई न करता लिहिते. तूही बाळ झोपलं की निवांत वाच.

तुझं म्हणणं मला असं कळलं. घरात आठ माणसं, अंगावर पाच महिन्यांचं बाळ. सगळ्यांचं झाल्यावर तू जेवायला बसतेस, तोवर टोपल्यात दीड-दोन भाकरी आणि वरणाचं पाणी उरलेलं असतं. रात्री अकराच्या सुमारास बाळ पिऊन झोपलं की तुझ्या पोटात आग पडते. मग दिवा न लावता तू चुलीपाशी जातेस, गंजाच्या बुडाला लागलेला भात खरवडतेस, शिळी भाकर ठेच्याशी उभ्याउभ्या खातेस. एकदा सासूबाईंनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हावरी हाय पोरगी, रातच्याले उठू उठू खाते." आता ईस्टरच्या आधी कबुलीला, म्हणजे फादरांपुढे पापं सांगायला, जायचं म्हणून पुस्तक उघडलंस, सात मुख्य पापांची यादी वाचलीस आणि 'खादाडपणा' या शब्दापाशी तुझं बोट थांबलं. विचारतेस, "मी रोज रात्री हे पाप करते का? किती खाल्लं म्हणजे पाप होतं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नाही, बाळ. अकरा वाजता तू जे करतेस त्याला भूक म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल, कारण 'किती' या शब्दानेच तुला गोंधळात टाकलं आहे. आणि तुझ्या चिठ्ठीत एक ओळ आहे, जी तू जाता जाता लिहून पुढे निघून गेलीस. तिच्याकडे मी नंतर येणार आहे.

आधी भुकेचं बोलू. मूल अंगावर पिणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात, असं आपल्या आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, २०२० सालचं प्रमाण सांगतं. ढोबळ हिशेबाने ज्वारीच्या मोठ्या अडीच भाकरी झाल्या, आणि त्याही नेहमीच्या पूर्ण जेवणाच्या वर. तुझ्या वाट्याला नेहमीचं जेवणच पुरतं येत नाही. दिवसभर बाळाने दूध ओढून घेतलं, तुझ्या अंगातून गेलं, आणि रात्री शरीर आपलं येणं मागायला उभं राहिलं. त्यात तुझी चूक कुठे आहे?

हे मी नर्स म्हणून सांगते, पण चर्चची शिकवणही वेगळी नाही. तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्विनास यांनी खादाडपणावर लिहिताना दोन गोष्टी नीट वेगळ्या केल्या आहेत. भूक-तहान ही शरीराची स्वाभाविक ओढ. ती माणसाच्या बुद्धीला विचारून लागत नाही, म्हणून तिला पाप-पुण्य चिकटत नाही. दोष असतो तो हव्यासात, जो बुद्धीने 'पुरे' म्हटल्यावरही थांबत नाही. पुढे ते असंही म्हणतात की आपल्याला इतकं लागतंच असं समजून कुणी जास्त खाल्लं, तर तो अंदाज चुकला, तो खादाडपणा नव्हे. सातशे वर्षांपूर्वीचा हा विचार मी कितीतरी बायकांना सांगितला आहे. बहुतेक जणी आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग रडतात.

एक जण मला विसरता येत नाही. सात महिन्यांची गरोदर, दवाखान्यात आली तेव्हा पदराच्या गाठीत मातीची ढेकळं बांधलेली होती, पहिल्या पावसात भिंतीचा पोपडा निघतो ना, तशी. लपूनछपून खायची. कच्चे तांदूळही खायची. घरात तिला 'चटोर' नाव पडलं होतं, आणि तिलाही ते पटलेलं होतं. मला म्हणाली, "सिस्टर, माह्या जिभेले देवानं शाप देल्ला." मी पापणी खाली ओढून पाहिली, पांढरीफटक. हिमोग्लोबिन निघालं ६.८. गरोदरपणात ७ च्या खाली म्हणजे गंभीर रक्तक्षय. अंगात लोह नसलं की काही जणींना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, हे वैद्यकात चांगलं माहीत आहे. तिला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं. उपचार झाल्यावर मातीची ओढ आपोआप गेली. जिभेवरचा शाप म्हणून ती जे मिरवत होती, ती रक्तातल्या लोहाची कमतरता होती. तेव्हापासून कुणी मला म्हणालं की अमकी हावरट आहे, तर मी आधी तिची पापणी पाहते.

आता 'किती'बद्दल.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेले संत ग्रेगरी यांनी खादाडपणाच्या पाच तऱ्हा सांगितल्या. वेळेआधी खाणं, महागामोलाचं मागणं, प्रमाणाबाहेर खाणं, अधाशासारखं तुटून पडणं, आणि अन्न असंच झालं पाहिजे, तसंच झालं पाहिजे, असा नखरा करणं. पाचांपैकी प्रमाणाची तऱ्हा एकच आहे बघ. उरलेल्या चार तऱ्हांमध्ये माणूस चार घास खाऊनही खादाड ठरू शकतो. ग्रेगरी उदाहरण देतात बायबलमधल्या एसावाचं. तो रानातून थकून आला आणि मसुराच्या वरणाच्या वाटीसाठी त्याने आपलं थोरलेपण विकून टाकलं. आणि एलीया संदेष्ट्याने कावळ्यांनी आणलेलं मांस खाल्लं, तर त्याला काही दोष लागला नाही. म्हणजे मटण खाल्लं म्हणून पाप आणि वरण खाल्लं म्हणून पुण्य असा हिशेबच नाही. त्या घासासाठी तू काय सोडायला तयार झालीस, कुणाचं काय हिरावलंस, हे बघायचं.

एसावालाही भूक लागली होती, असं तू म्हणशील. लागली होती, आणि खायला मागितलं यात त्याचं काही चुकलं नाही. पण त्या वाफेपुढे त्याला आपल्या थोरलेपणाचा हक्क कवडीमोल वाटला, हे चुकलं.

नखऱ्याच्या तऱ्हेवर मी जरा थांबते, कारण आपल्याकडे तिला कुणी पाप म्हणतच नाही. उलट तिचं कौतुक होतं. 'आमच्या ह्यांना तव्यावरचीच भाकर लागते.' तुझ्या चिठ्ठीतही आहे, मामाजी जेवायला बसले की तू चुलीपुढे, एक भाकर ताटात पडली की दुसरी थापायची, जरा निवली तर ताट सरकवतात. मी तुझ्या सासऱ्यांचा न्याय करायला बसले नाही. त्यांच्या आईने त्यांना तसंच वाढलं असेल आणि ते असंच असतं असं त्यांना वाटत असेल. पण ग्रेगरींची यादी समोर ठेवली तर तुमच्या घरात खादाडपणाच्या जवळ कोण आहे? दोन भाकरी खाऊन उठणारे, पण त्या दोन भाकरींसाठी एका बाळंतिणीला तासभर धुरात बसवणारे, की अंधारात शिळं खाणारी तू? खाणारा किती सडपातळ आहे याच्याशी या पापाचा काही संबंध नाही. हे वाक्य घरात कुणाच्या तोंडावर मात्र फेकू नकोस. आधी स्वतः समजून घे.

खर्ऱ्याचंही, त्या सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचंही, तसंच. पोट भरत नाही, भूक भागत नाही, तरी दिवसाला पाच-सहा पुड्या लागतात, आणि पैसे जातात ते लेकरांच्या दुधाचे. धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात संयमाविषयी जे कलम आहे, त्यात अन्न आणि दारूबरोबर तंबाखूचाही अतिरेक मोजला आहे. माझ्या दवाखान्यात असे तरुण येतात ज्यांच्या तोंडात दोन बोटंही शिरत नाहीत, भाकरीचा घास पाण्यात भिजवून आत ढकलावा लागतो. भूक आणि हव्यास यांच्यातला फरक त्यांच्याकडे पाहिल्यावर पुस्तक न उघडताही कळतो.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय तुला शिकवण्याचा मला हक्क नाही.

बारा वर्षांपूर्वी एका गावात चर्चचा सण होता. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली, मांडवात पंगती बसल्या. पहिल्या पंगतीत फादर, आम्ही सिस्टर, बाहेरगावचे पाहुणे, गावातली मोठी माणसं. पत्रावळीवर भात, द्रोणात मटण. वाढपी माझ्यापाशी आला की मागून कुणीतरी ओरडायचं, "सिस्टरच्या द्रोणात नळी टाक बे." मी नको म्हटलं, मग हो म्हटलं. तीन फोडी आल्या, मग आणखी दोन. सगळं संपलं नाही. पत्रावळ दुमडली आणि उठले.

दोन तासांनी मी मांडवाच्या मागे पाण्याचा गडवा शोधत गेले. तिथे शेवटची पंगत बसली होती, बायांची. पहाटे चार वाजेपासून पाट्यावर मसाला वाटलेल्या, कांदे चिरलेल्या, चुलखंडासमोर तोंड भाजून घेतलेल्या बाया. वाढणाऱ्या पोराने गंज तिरपा धरला होता आणि पळी बुडावर खर्र खर्र वाजत होती. पळीत येत होती नुसती तर्री, वर तेलाचा लाल तवंग. एका म्हातारीच्या भातावर ती पडली. तिने बोटाने भातात खळगा केला, तर्री त्यात जिरू दिली, आणि मांडीवरच्या नातवाला पहिला घास भरवला. माझं तोंड पाहून तीच मला समजावायला लागली, "अवो सिस्टर, चव तं तेच हाय न."

मांडवाच्या कडेला उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग होता. कुत्री त्यातून हाडं ओढत होती, आणि काही हाडांना मांस तसंच होतं. त्यातली एक पत्रावळ माझी होती.

करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला संत पौलांनी पहिल्या शतकात जे पत्र लिहिलं, ते मी वर्गात कित्येकदा शिकवलं होतं. प्रभूभोजनाला सगळे एकत्र जमायचे, पण ज्याच्याकडे होतं तो आधी जेवून घ्यायचा. कुणी उपाशी राहायचा आणि कुणी झिंगायचा. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असं पौल विचारतात. ते पत्र मला त्या दिवशी मांडवाच्या मागे कळलं. भूक नसताना मी जास्तीच्या दोन फोडी घेतल्या, टाकल्या, आणि कुणाच्या वाट्याच्या घेतल्या हे विचारलंसुद्धा नाही. त्या आठवड्यात मी कबुलीत खादाडपणा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा. वजनकाट्यावर तेव्हा मी पन्नास किलोसुद्धा नव्हते.

तेव्हापासून मी कुठल्याही सणाला शेवटच्या पंगतीला बसते. आधी लोकांना राग यायचा, सिस्टरांचा मान राहिला नाही म्हणायचे. मग दोन-तीन गावांत असं झालं की सिस्टर शेवटी बसणार म्हणून वाढपी शेवटपर्यंत फोडी राखायला लागले. आता एका गावात लेकरं आणि गरोदर-लेकुरवाळ्या बाया पहिल्या पंगतीला बसतात. माझा हात त्यात थोडाच आहे, तिथल्या बायांनीच ते धरून लावलं.

हे काही फक्त आपल्या चर्चचं म्हणणं नाही. शेगावला गजानन महाराज १८७८ साली पहिल्यांदा लोकांना दिसले ते जेवणावळीनंतर बाहेर फेकलेल्या पत्रावळ्यांवरची शितं वेचून खाताना, ही कथा आपल्या भागातल्या लहान पोरालाही पाठ आहे. आणि आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. वडील दारूपायी गेलेले त्यांनी पाहिले, म्हणून मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून गोड जेवण घातलं, आणि पुढे जन्मभर कीर्तनातून कर्ज काढून जेवणावळी घालू नका म्हणून सांगत फिरले. तेरवीला, लग्नाला, मुंजीला वावर गहाण टाकून पाचशे पानं उठवायची, आणि पुढच्या पेरणीला बियाण्यासाठी सावकाराच्या दारात उभं राहायचं, हे तुझ्या माहेरीही झालं आहे, तूच लिहिलंस. मला तो महागामोलाचं मागण्याचा खादाडपणा वाटतो. खाणारी तोंडं गावाची असतात, पण भूक असते ती घरधन्याच्या नावाची. बायबलमधला यहेज्केल संदेष्टा सदोम नगराचं पाप सांगतो तेव्हा गर्व, पोटभर अन्न, निवांतपणा आणि गरिबाला हात न देणं हे सगळं एका दमात सांगतो. पोटभर अन्न असणं त्या यादीत का आलं, हे शेवटच्या गोष्टीमुळे कळतं.

पाहुणचाराला मात्र यात ओढू नकोस. तुझी शंका होती की पाहुण्यांच्या आग्रहामुळे उपवासाच्या शुक्रवारी दोन घास जास्त झाले, ते कसं? जुन्या काळी इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एका वृद्ध संन्याशाची हकीकत संत जॉन कॅशियन यांनी नोंदवली आहे. पाहुणे आले की तो आपला उपास मोडून त्यांच्याबरोबर जेवायचा. कारण विचारलं तर म्हणाला, उपास माझ्याजवळ रोजच आहे, तुम्हाला मात्र मी धरून ठेवू शकत नाही. आणि तुझ्यापुरतं सांगायचं तर यंदा तुला उपवास करायचाच नाही. चर्चचा उपवासाचा नियम १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसांसाठी आहे, आजारी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना त्यातून मोकळीक असते. कुणी घरात बोललं तर माझं नाव सांग.

आता ती ओळ. तू लिहिलंस, 'जावेच्या मुलीने डिंकाचा लाडू मागितला, मी संपले म्हटलं, डब्यात तीन होते.' एवढंच लिहून तू पुन्हा रात्रीच्या भाकरीकडे वळलीस.

बाळ, ते लाडू तुझ्या आईने तुझ्या बाळंतपणासाठी पाठवले होते. ते तुझ्या अंगी लागायलाच हवेत. 'हे माझ्या औषधाचे आहेत, तुला अर्धा देते' असं म्हणाली असतीस तर मला काहीच बोलायचं नव्हतं. पण सहा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत बघून तू 'संपले' म्हणालीस. ते फार मोठं पाप नाही. पण अख्ख्या चिठ्ठीत खादाडपणाच्या जवळ जाणारी जागा तीच आहे, आणि मला वाटतं ती तुला आतून टोचते, म्हणूनच ती कागदावर आली.

हे कसं घडलं तेही बघ. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचे संन्यासी होते. माणसाला पाडणारे आठ विचार त्यांनी लिहून ठेवले, त्यात खादाडपणा पहिला. मला वाटलं होतं ते ताटं रिकामी करणाऱ्या माणसाचं वर्णन करतील. तसं नाही. त्यांनी लिहिलं आहे काळजी करणाऱ्या माणसाबद्दल. माझ्या पोटाचं काय होईल, यकृत बिघडेल, दुखणं लांबेल, इथे वैद्यही नाही, खायला पुरणार नाही. हव्यासाचं मूळ त्यांना या भीतीत दिसलं. रानातल्या इस्राएली लोकांनीही हेच केलं होतं. रोजचा मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, रोज मिळत असताना उद्यासाठी दडवून ठेवला आणि सकाळी त्यात किडे पडले. तुला भीती वाटली की हे तीन गेले की मला काही उरणार नाही. आणि ती भीती खोटी नाही, बाळ. ज्या घरात सून रोज शेवटी बसते आणि रोज टोपलं रिकामं असतं, ते घर तिच्या मनात ही भीती घालतं. तुझ्या 'संपले'मध्ये घराचाही वाटा आहे. तरी जीभ तुझी होती, तेवढं तुझं.

तेव्हा कबुलीत काय सांगायचं ते असं. रात्री खाल्लं, हे सांगू नकोस. ते पाप नाही आणि पाप नसलेलं सांगत राहिलं की मन नाहक दबतं. लाडवाचं खोटं सांग, दोन वाक्यांत. आणि फादर प्रायश्चित्त देतील ते देतील, पण डब्यात एखादा लाडू उरला असेल तर त्या पोरीला जवळ बसवून अर्धा-अर्धा खा. उरला नसेल तर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. तिच्याशेजारी बसून खाणं महत्त्वाचं.

रात्रीचं खाणं थांबवू नकोस, पण चोरून खाऊ नकोस. दिवा लाव, पाटावर बस, ताट घे, भोजनाची प्रार्थना म्हण आणि मग खा. लपून उभ्याने खाल्लं की पोट भरलं तरी मन उपाशी राहतं, मग हात पुन्हा टोपल्याकडे जातो. स्वयंपाक झाला की वाढायला घेण्याआधी दोन भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण तुझ्यासाठी बाजूला झाकून ठेव. ही चोरी नाही, बाळाचा वाटा आहे. नवऱ्याशी याबद्दल बोल, तो ऐकणारा आहे असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. त्याने एक दिवस नुसतं म्हटलं की आज आपण सोबत जेवू, तरी पुष्कळ होईल.

सासूबाईंवर राग धरू नकोस. त्यांनी तुझ्यासारखीच चाळीस वर्षं शेवटी बसून काढली असतील. रात्री उठून खायची हिंमत त्यांना झाली नसेल, म्हणून तुझं उठणं त्यांना टोचत असेल. एखाद्या दुपारी तांदूळ निवडताना विचार, "आत्या, तुमच्या बाळंतपणात तुमाले काय काय भेटे खायाले?" आणि त्या बोलतील तेवढं ऐक. मी हे दोन-तीन घरांत करायला सांगितलं आहे. एका घरी सासूने बोलता बोलता डोळे पुसले आणि संध्याकाळी सुनेच्या ताटात स्वतःहून तूप वाढलं. सगळीकडे असं होईलच असं मी म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव, तुझ्यासाठी नाही तर तुझ्या त्या मैत्रिणीसाठी जिचं तू खाली लिहिलंस. भूक नसताना पोट दुखेपर्यंत खाणं, मग लाज वाटून बोटं घालून उलटी काढणं, आणि पुन्हा तेच, हा आजार आहे. तिने कबुलीला जायला हरकत नाही, पण आधी डॉक्टरकडे जायला हवं. पोप फ्रान्सिस यांनीही १० जानेवारी २०२४ रोजी खादाडपणावर शिकवण देताना या आजारांचा वेगळा उल्लेख केला होता. तिला माझ्याकडे आण. कुणाला कळणार नाही.

आणि तू येत्या रविवारी मिस्सेनंतर थांब. बाळाचं वजन करू आणि तुझं रक्त तपासू. गेल्या वेळी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या तू चहासोबत घेतेस असं आशाताई म्हणाली. चहाने त्यातलं लोह नीट अंगी लागत नाही. जेवणानंतर तासाभराने लिंबाच्या पाण्यासोबत घे, आणि चहा गोळीच्या आधी-नंतर दोन तास नको. गोळीने शौच काळी झाली तर घाबरू नकोस, ती होतेच.